कोरडी माती

"...पण वस्ताद, लघवी काळ्या चहासारखी होते, ती चरबी जळते म्हणूनच ना?"

दस्तगीर वस्ताद तालमीच्या भिंतीला टेकून बसले होते. तसेच बसून राहिले.

"कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"बघितलंय कुणी?"

सर्जेरावने स्वेटरची बाही वर ओढली.

बावीस वर्षांचा गडी. अंगात प्लॅस्टिकचा रेनकोट, वर स्वेटर, भर दुपारी घाम काढायला पळून आलेला. उद्या सकाळी वजनाचा काटा. चौऱ्याहत्तर किलोत बसला तर जिल्ह्याच्या संघात, नाही तर वर्ष वाया. दोन किलो जास्त होता, म्हणून कालपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पोटऱ्यांत गोळे येत होते. छाती नुसती धडधडत होती.

भ्याला होता. पण पैलवान भ्याला की आवाज चढवतो.

"दीड किलो उतरलोय मी. हा पुरावा न्हाई?"

"काय उतरलं?"

"वजन."

"कशाचं?"

सर्जेरावने पाण्याची बादली उचलली. कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीला रोज या वेळेला पाणी मारायचं काम त्याचंच.

"ठेव ती," वस्ताद म्हणाले. "आज पाणी मारायचं न्हाई. उद्या पण न्हाई."

"का?"

"माती जड झालीया. हलकी होऊ दे."

सर्जेराव हसला. म्हातारा चेष्टा करतोय, असं वाटलं. वस्ताद हसले नाहीत.

"अवो, सुकली की दगड होती ती. आपटला कुणी तर मान मोडंल."

"हलकी तर होईल."

"हलकी घेऊन काय करायचंय? मरंल की माणूस!"

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले...

सर्जेरावची जीभ टाळूला चिकटली. कालपासून चिकटतच होती. कळलं आत्ता.

बादली खाली ठेवताना पाणी हिंदकळून मातीवर सांडलं, आणि मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. तो बघतच राहिला.

वस्ताद उठले. माठातून तांब्या भरला, त्याच्या हातात दिला.

"घोट घोट पी. रिक्षा बोलावतो. दवाखान्यात जायचंय."

"तुम्ही सांगा की काय झालंय ते."

"मला कुस्ती कळती. काळी लघवी त्या लोकांना कळती."

तांब्या ओठांपाशी आला आणि थांबला.

"वस्ताद... आणि उद्याचा काटा?"

वस्तादांनी वर बघितलं. भिंतीवर आण्णाप्पाचा फोटो होता. त्यांचा सगळ्यात लाडका पठ्ठ्या. चोविसाव्या वर्षी तापानं गेला, एवढंच तालमीत सांगत. हार मात्र वस्ताद रोज स्वतः घालत.

त्यांनी फोटोवरचा हार सरळ केला.

"आण्णाप्पा बी असाच सुकून काट्यावर बरोबर भरला होता."