करपलेला काढा

"मग रोज दोन तास चुलीपुढं बसायचं कशासाठी, बाबा?"

विचारणारा हेरंब केळशीकर. पुण्याचा, आयुर्वेदिक औषधांचा कारखाना असलेला. मी मठात दूध घालायला गेलो होतो, ते ऐकत थांबलो. वेल्ह्याच्या डोंगरातला आमचा मठ लहानसा, पण भैरवगिरीबाबांचा झोपेचा काढा सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. आरती झाली की वाटी वाटी मिळतो.

हेरंबनं काढ्यातल्याच मुळ्यांची पूड करून आणली होती. गरम पाण्यात टाकली की काढा तयार.

बाबांनी घोट घेतला. मलाही दिला. खोटं कशाला बोलू, चव तीच होती.

"झकास आहे," बाबा म्हणाले. "कामाधामाच्या माणसांची सोय झाली. ठेव दोन डबे."

हेरंबची कळी खुलली. "मग आता चूल विझवा, बाबा."

"तू घेतोस का रे हे?"

"रोज. दोन वर्षं झाली."

"आणि झोप?"

हेरंबच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. माझ्या तर तो आला तेव्हाच लक्षात आली होती.

"नाही लागत," तो हळूच म्हणाला. "माझ्या पुडीनं गिऱ्हाइकं झोपतात, मी जागा. सगळे उपाय करून थकलो. खरं सांगायचं तर त्यासाठीच आलोय. तुमच्या काढ्यात काही निराळं असेल तर सांगा."

बाबांनी त्याच्या हातात एक काडी दिली. तिच्यावर चाकूनं पाडलेली खूण.

"आठ तांबे पाणी घाल. खुणेपर्यंत आटलं की तांब्याभर उरतं. मग उतरव."

"तोवर काय करू?"

"पाणी आटताना बघ."

पहिला अर्धा तास त्यानं माझा जीव खाल्ला. दर मिनिटाला काडी बुडवायचा, घड्याळ बघायचा. मधेच त्यानं चुलीत मोठं लाकूड सारलं. बाबांनी ते ओढून बाजूला ठेवलं.

मग काडी बुडवणं कमी झालं.

मग तो नुसताच वाफेकडं बघत राहिला…

थोड्या वेळानं काडी हातातून सुटली. डोकं खांबाला टेकलं. बघतो तर पठ्ठ्या घोरतोय.

काढा खुणेखाली गेला. मी पातेलं उतरवायला उठलो. बाबांनी नुसता हात वर केला, मी खाली बसलो.

आरती झाली. घंटा झाली, झांजा झाल्या. हेरंब हलला नाही. करपल्याचा वास साऱ्या मठात पसरला, तरी नाही. मला त्याचं फार बरं वाटलं.

दिवेलागण होऊन गेल्यावर तो दचकून उठला. पातेलं कोळशासारखं काळं. त्याचा चेहरा उतरला.

"बाबा, चुकलो. सगळ्यांचा काढा घालवला मी."

"कुणाचं अडलं नाही. त्यांना तुझी पुडी दिली."

"आणि माझा काढा?"

बाबांनी पातेल्यात राख टाकली, काथ्या घेतला आणि स्वतःच घासायला बसले.

"उद्या परत करपवायला ये," ते म्हणाले.