अंगठ्याने पुसलेला भुंगेरा

“पण भन्ते, डोंगर झिजले, नद्या आटल्या. मग एवढ्याशा भुंगेऱ्याच्या अंगातलं प्रथिन कोट्यवधी वर्षं टिकलं कसं?”

शीलवंतला उत्तराची घाई नव्हती, शाबासकीची होती. उद्या परिषदेत तो आपला हा भुंगेऱ्याच्या जीवाश्माचा शोध जाहीर करणार होता.

भन्ते विमलबोधी भिक्खूचं चीवर घेण्यापूर्वी जीवाश्मशास्त्रच शिकवायचे. शीलवंत तेव्हापासूनचा शिष्य. आता ते टेकडीवरच्या विहारात राहत आणि सकाळी झाडांना पाणी घालत.

“टिकतं कधीकधी,” ते म्हणाले. “भुंगेरा तळ्यात बुडतो. वर बारीक गाळ बसतो. हवा पोचत नाही, कुजवणारे जीव पोचत नाहीत. कवचातले रेणू एकमेकांना धरून राहतात. तरी बरेचसे मोडतात, बदलतात... तुझे कसे आहेत?”

“एकही मोडलेला नाही!”

भन्तेंनी झारी खाली ठेवली.

“इतकं जुनं... आणि इतकं ताजं?”

शीलवंतचं हसू मावळलं.

“दगड फोडलास, तेव्हा काय केलंस?”

“पंख हिरवा चमकला, भन्ते. राहवलंच नाही. अंगठ्याने जरा पुसून...”

तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसला. तपासणीच्या यंत्राला सापडलेलं प्रथिन भुंगेऱ्याचं नव्हतं, शीलवंतच्याच अंगठ्याचं होतं.

“बुडालो मी.”

“बुडालेलं टिकतं, आत्ताच सांगितलं ना?”

भन्ते आत जाऊन झाकण लावलेलं मडकं घेऊन आले. दगड फुटला की किड्याची खूण दोन्ही तुकड्यांवर येते. त्यातला एक तुकडा शीलवंतने त्याच दिवशी, न पुसता, स्वच्छ कोरड्या फडक्यात गुंडाळून गुरूंना दिला होता. देऊन तो विसरूनही गेला होता. फडकं अजून तसंच गुंडाळलेलं होतं.

“तुम्ही उघडून पाहिलाही नाहीत?”

“रोज वाटायचं, बघावं.” भन्ते हसले. “मी काय दगडाचा आहे?”

त्यांनी चिमट्याने फडक्याचं टोक उचललं. आत हिरवी चमक होती.

शीलवंतचा हात पुढे गेला... आणि थांबला. त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि वाकून नुसतं पाहिलं. उद्याचं भाषण गेलं होतं, तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची होती, आणि तरी त्याला फार बरं वाटत होतं.

“भन्ते, हा भुंगेरा माझा नाही.”

“कोणाचाच नव्हता. म्हणून तर राहिला.”