झाकलेला कान

“...मग मोबाइलला कुलूप लावायचं कारणच काय, माई? लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस कुलूप लावतो का?”

माई हार ओवत होत्या. टेकडीवरच्या महादेवाच्या देवळात त्या एकट्याच राहत. सोमवार होता. पायरीवर झेंडूचा ढीग पडला होता.

विचारणारे हेमंत खोत, खालच्या गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या मुठीत मुलीचा मोबाइल. शेजारी त्यांच्या पत्नी शुभदा. मुलगी, दहावीतली रेवा, लांब खांबाला टेकून उभी. मोबाइल काढून घेतल्यापासून ती घरात कुणाशी बोलली नव्हती.

“आमच्या घरात गुपितं नसतात,” खोत म्हणाले. “ती शिस्त मी लावलीय.”

“ही खोलीत एकटीच हसते,” शुभदा म्हणाल्या. “मी आत गेले की स्क्रीन काळी. पलीकडे कोण आहे, काय माहीत. हल्ली काय काय कानावर येतं, माई. झोप उडालीय माझी.”

“खरंय,” माई म्हणाल्या. “भिण्यासारखं जग आहेच.”

खोतांना धीर आला. “तुमचं ती ऐकते. तुम्ही तिला पासवर्ड सांगायला लावा. नाहीतर आज खाली उतरलो की दुकानात नेऊन हा उघडून घेणार. एकेक मेसेज वाचणार.”

“वाचा,” खांबापाशी रेवा म्हणाली. “पण मग मी तुमच्याशी पुन्हा काही बोलेन असं समजू नका.”



माईंनी एक फूल ओवलं. “गुरुजी, दर्शन झालं?”

“झालं.”

“आधी नंदीला सांगितलंत?”

“म्हणजे काय. सांगितल्याशिवाय आत कसा जाईन?”

इथली रीतच तशी. गाभाऱ्यात जाण्याआधी नंदीच्या एका कानात मनातलं सांगायचं आणि त्याचा दुसरा कान तळहातानं झाकायचा. आत गेलेलं तिकडून बाहेर पडू नये म्हणून.

“काय सांगितलंत?”

खोत हसले. “ते सांगत नाहीत, माई.”

“का?”

“का म्हणजे... ते माझं आणि त्याचं.”

“लपवण्यासारखं होतं?”

“छे. तसलं काही नव्हतं.”

“कान तर घट्ट झाकला होतात. मी बघत होते.”

खांबापाशी खुदकन आवाज झाला. शुभदांनी तोंड फिरवलं, पण त्यांचेही खांदे हलले.

“ते वेगळं,” खोत म्हणाले. “तो दगडाचा आहे. मी बाप आहे.”

“म्हणून तर त्याच्यापुढे रांग लागते.”

माईंनी हार खाली ठेवला. “उठा. नंदीच्या शेजारी बसा. मांडी घाला. मान सरळ.”

खोतांनी पायऱ्यांकडे नजर टाकली. शाळेतलं एखादं पोर वर येत असलं तर... पण बसले.

“रेवा, ये गं. सांग.”

“बाबांना?”

“नंदीला.”

माई वाकल्या आणि त्यांनी खोतांचा डावा कान तळहातानं झाकला.

रेवा जागची हलेना. मग आली. गुडघ्यांवर बसली आणि उजव्या कानाशी वाकली.

नुसती कुजबुज... खोतांच्या भुवया वर गेल्या.

“थांब. हा कोण? कुठल्या शाळेचा...”

“नंदी विचारतो का कधी?” माई म्हणाल्या.

खोतांनी मान पुन्हा सरळ केली. पोर बोलत राहिली. एकदा ते ताठ झाले. मोबाइलवरची मूठ आवळली गेली. हळूहळू सैल झाली. आणि मग त्यांना हसू आलं. दाबलं तरी दाबेना. रेवाही हसत होती, हसता हसता सांगत होती.

“मग ते तेव्हाच मला का नाही सांगितलंस?” त्यांनी हळूच विचारलं.

या वेळी माईंनी त्यांना टोकलं नाही.

रेवानं त्यांच्या मुठीकडे पाहिलं.

खोतांनीही पाहिलं...

त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं तो न बघताच खिशात टाकला आणि पुन्हा वाकली. “थांबा, एक राहिलंय.”

ते एक सांगून झालं तेव्हा माईंनी हात काढला. खोत डोळे पुसत होते.

“काय म्हणाली?” शुभदांनी विचारलं.

“ते सांगत नाहीत.”

“अहो, मी आई आहे तिची. काळजीचं काही आहे का, तेवढं तरी सांगा.”

“एक होतं. एकानं त्रास दिला होता. तिनं लगेच त्याला ब्लॉक केलं, वर्गाच्या बाईंनाही सांगितलं. आता पुन्हा असं झालं तर मला सांगणार आहे. बाकीचं...” त्यांना पुन्हा हसू फुटलं.

“बाकीचं काय?”

खोतांनी मान सरळ केली आणि समोर बघत राहिले. अगदी शेजारच्या नंदीसारखे.

“बघितलंत, माई?” शुभदा म्हणाल्या. “ घरात एकीचं गुपित होतं. आता दोघांचं झालं.”

“आई,” रेवा म्हणाली, “तुला पण सांगते. सगळं नाही. पण सांगते.”

शुभदा क्षणभर उभ्या राहिल्या. मग नंदीच्या दुसऱ्या अंगाला गेल्या, मांडी घालून बसल्या, आणि कुणी सांगायच्या आत त्यांनी आपला डावा कान आपल्याच हातानं झाकला.

माईंनी झेंडूचा ढीग जवळ ओढला. सुईत नवा दोरा घातला.

“आता आणखी दोन हार करावे लागणार.”