मागच्या दाराची चीर

एकदा एका मिस्त्रीच्या हाताखाली एक शागीर्द होता, आणि शागीर्दाच्या डोक्यात कायम निखारा. मिस्त्रीचं नाव दस्तगीर, वय सत्तरीच्या पुढं. शागीर्द हिंदुराव, तिशीतला गडी. कुणी वाकडं बोललं की आधी बाह्या मागं सारणार, मग ऐकणार.

दस्तगीरचाचांच्या गॅरेजात एक गाडी होती. संस्थानाच्या काळातली, विलायती, लांबलचक. डोक्यावर पत्र्याचं छप्पर नाही, कापडाचा टप मागं घडी करून ठेवायचा. चाळीस वर्षं ती कुणाच्या तरी गोठ्यात कडब्याखाली पडली होती. गुळाच्या एका व्यापाऱ्यानं ती घेतली आणि चाचांच्या दारात आणून टाकली. दोन वर्षं हिंदुराव तिच्या पोटात शिरून बसला. पिस्टन बदलले, गिअर बसवले, ब्रेक नवे केले. आता इंजिन असं चालायचं की बॉनेटवर पाण्याची भरली वाटी ठेवा, थेंब सांडणार नाही.

पण रूप बघावं तर भिकाऱ्याचं. रंगाची खवलं उडालेली, गाद्या फाटून काथ्या बाहेर, टपाची चाळण, बंपर काळा ठिक्कर. हिंदुराव गाडी चौकातनं फिरवायचा तेव्हा हाटेलातनं एकजण तरी बोलायचाच.

"हिंदुराव, गाडीला देवी आल्यात काय? लिंबाचा पाला बांधा."

दुसरा म्हणायचा, "कोंबड्या घाला आत. खुराडं तरी हुईल."

हिंदुराव दात खात परत यायचा. दोन वर्षं राबलो ते सगळं बॉनेटच्या खाली, आणि ह्या रिकामटेकड्यांना दिसतो फक्त रंग. तो चाचांना म्हणायचा, "चाचा, रंगाला घिऊया आता."

चाचा म्हणायचे, "अजून न्हाई."

"का न्हाई?"

"चालव अजून."

एवढंच. म्हाताऱ्याच्या तोंडाला कुलूप. गाडी फिरून आली की चाचा मागच्या डाव्या दारापाशी उकिडवं बसायचे, दाराच्या खालच्या कोपऱ्यात डोळे बारीक करून बघायचे, कानावरची पेन्सिल काढून पत्र्यावर एक बारीक रेघ मारायचे आणि उठून चहाला जायचे. रोज एक रेघ. हिंदुरावला वाटायचं, म्हातारा चळला. पोरं भिंतीवर मारतात तशा रेघा मारतोय, आणि हिकडं माझी अब्रू चाललीय.

व्यापाऱ्याच्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलं, आणि तेवढ्यात चाचा मिरजेला लेकीकडं गेले. तीन दिवस. हिंदुरावला तेवढे पुरले. त्यानं दारं घासली. त्या डाव्या दाराखालच्या पट्टीत, कोपऱ्याशी, केसाएवढी चीर होती, तिच्यावर त्या पेन्सिलीच्या रेघा. त्यानं पॉलिश पेपरनं रेघा पुसल्या आणि चिरेत लांबी दाबून भरली. लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचं ते पीठ, वाळलं की दगड. वरनं फवाऱ्यानं डाळिंबी रंग मारला, तीन हात. चौथ्या दिवशी सकाळी गाडी अशी चमकत होती की हाटेलातले लोक कप हातात घेऊन बाहेर आले. लिंबाचा पाला सांगणारा सगळ्यात पुढं.

व्यापारी आला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि भर चौकात म्हणाला, "वरात हिच्यातनंच. आणि स्टेरिंगवर हिंदुराव मिस्त्री. फेटा माझ्याकडनं."

हिंदुराव मिस्त्री. आजपर्यंत त्याला कुणी मिस्त्री म्हटलं नव्हतं. छाती टपाएवढी झाली.

दुपारी चाचा आले. गाडी बघितली. डाव्या दारापाशी बसले, कोपऱ्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "चावी दे."

"कशाला?"

"दे की."

चाचांनी गाडी काढली ती थेट तालमीच्या दारात. हिंदुराव शेजारी बसलेला. चाचांनी हाक मारली, तसे मेहनत करून उठलेले चार पैलवान बाहेर आले, अंगाला तांबडी माती तशीच.

"बसा रं मागं," चाचा म्हणाले. "चक्कर मारून आणतो."

हिंदुरावच्या कपाळाची शीर उडायला लागली. "चाचा, कालच गाद्यांना कापड घातलंय."

"धुतलं की निघंल."

चार हत्ती मागच्या गादीवर बसले. चाचांनी गाडी डांबरीवरनं सोडून दगडाच्या खाणीच्या वाटेला घातली. गुडघाभर खड्डे, वर खडक. गाडी बैलगाडीसारखी हिंदकळायला लागली. प्रत्येक दणक्याला हिंदुराव मागं वळून गाद्या बघायचा.

"चाचा, डोकं फिरलंय का तुमचं? लग्नाची गाडी हाय ही."

"म्हणून तर."

"मला नाव मिळालं ते तुमाला बघवंना. दोन वरसं हमाली करून घेतली, आता येक दिवस चांगला आला तर..."

मागनं एक पैलवान म्हणाला, "चाचा, ह्याला उतरवू का? वझं कमी हुईल."

"गप रं," हिंदुराव त्याच्यावर ओरडला.

तेवढ्यात एक मोठा खड्डा आला. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. गाडी मधनं बसल्यागत झाली, मागचं डावं दार आपोआप सटकून उघडलं, आणि दाराकडंचा पैलवान अर्धा बाहेर लोंबकळला. शेजारच्यानं लंगोटाला धरलं म्हणून राहिला.

चाचांनी गाडी उभी केली. सगळे उतरले. दाराखालच्या कोपऱ्यातनं लांबीचा तळहाताएवढा तुकडा पडला होता, डाळिंबी रंगासकट. आत केसाएवढी असलेली चीर आता बोट जाईल एवढी झाली होती.

चाचांनी पैलवानांना चालत पाठवलं आणि दगडावर बसले.

"बस," ते म्हणाले. "छप्पर असलेल्या गाडीला वरनं बी धरलेलं असतंय, खालनं बी. हिला वर काय न्हाई. सगळा भार दाराखालच्या ह्या पट्टीवर. चाळीस वरसं गोठ्यात मूत पिऊन पट्टी आतनं गंजलीया का, ते बाहेरनं कळत न्हाई. इंजिन तू पैलवान केलंस, त्याचा जोर ह्या म्हाताऱ्या हाडाला सोसतोय का ते बघायचं हुतं. चीर जिथं संपती तितं मी रोज रेघ मारायचो. थांबली तर रंगवायचं, वाढली तर पट्टी कापून नवी जोडायची. ती रोज वाढत हुती. गाडी तुला तोंडानं सांगत हुती आनि तू तिच्या तोंडात बोळा घातलास."

हिंदुराव उसळला. "मग हे आधी सांगायचं हुतं. तोंड शिवलं हुतं का?"

चाचांनी मान हलवली. "खरंय तुझं. आमच्यात उस्ताद सांगत न्हाई, शागीर्दानं इचारायचं, अशी रीत. माझ्या उस्तादानं मला बी असंच कुढत ठेवलं. दोन म्हैनं मी तुझ्यासमोर रेघा मारतोय. वाटलं, आज इचारंल, उद्या इचारंल. ही रीत धरून बसलो, ही चूक माझी. सांगायला पायजे हुतं." मग ते म्हणाले, "पण तुझी तुला सांगतो. राग तुला आला त्या हाटेलातल्या लोकांचा, आनि लांबी भरलीस तू गाडीला. त्यांची तोंडं बंद झाली. चीर न्हाई झाली."

हिंदुरावनं पायाखालचा दगड उचलला आणि लांब फेकला. मग दुसरा. मग हात झटकले आणि चालत निघाला.

"कुठं?"

"शेटकडं."

व्यापाऱ्याच्या अंगणात कासार बायकांना बांगड्या भरत होता, फेटेवाला कापड दाखवत होता. हिंदुराव मधोमध जाऊन उभा राहिला.

"शेट, गाडी येणार न्हाई. दाराखाली चीर हाय. मला दिसत हुती. मी लांबी भरून रंग मारला."

व्यापारी ताडकन उठला. "पत्रिका वाटून झाल्या. पावण्यांना सांगून झालं. चीर हाय म्हंतोस, आरं येका वरातीपुरती चालव की."

"चालणार न्हाई."

"त्या म्हाताऱ्यानं पढवलं का तुला?"

"चाचांचा दोष न्हाई. हात माझा हुता."

मग व्यापाऱ्यानं त्याला काही म्हणायचं बाकी ठेवलं नाही. नालायक झाला, भंगारवाला झाला, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा झाला. शेवटी त्याच्या बापापर्यंत पोचला. दुसरा कुठला दिवस असता तर हिंदुरावनं त्याची बखोटी धरली असती. त्याच्या मुठी वळल्याही. कासाराच्या हातातली बांगडी तशीच राहिली, सगळे बघत होते. पण तो उभा राहिला आणि सगळं ऐकून घेतलं.

कासारासमोर हात धरून बसलेली व्यापाऱ्याची लेक म्हणाली, "आप्पा, जरा थांबा." मग हिंदुरावला विचारलं, "कुठलं दार म्हणालात?"

"मागचं. डावं."

कासारानं हातातली बांगडी खाली ठेवली. वरातीत नवरी कुठल्या हाताला बसते हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

व्यापारी खाली बसला. बराच वेळ फेट्याच्या कापडाची घडी करत राहिला, ती काही जमेना. मग मान वर न करता म्हणाला, "पाणी प्या हिंदुराव. आनि त्या गाडीला काय किती दिवस लागायचं ते लागू द्या."

राग येतो, तो काय कुणाला विचारून येत नाही. आला की माणसानं दगड फेकावा, लाकडं फोडावीत, पण लांबीच्या डब्याला हात लावू नये.