बांधाला आलेला घाम

खाडीच्या काठाला एक गाव होतं. भरतीचं खारं पाणी घरांपर्यंत यायचं, म्हणून गावाने खाडीच्या कडेने मातीचा लांबलचक बांध घातला होता. बांधाच्या आत सगळ्यांची भातशेती होती, आणि बांधाचा एकेक तुकडा एकेका घराच्या वाट्याला सांभाळायला दिलेला होता. पाणी अडवायच्या गोष्टींना या गावाकडे शब्दांची कमी नव्हती. खाडीकडचा मोठा तो बाहेरचा बांध, शेताशेतांमधली छोटी ती मेर, पावसाचं साठलेलं पाणी खाडीत सोडायची फळ्यांची वाट ती उघाडी. फक्त एक शब्द कुणी तोंडातून काढत नसे, तो म्हणजे खांड.

बांध फुटून जे भगदाड पडतं ती खांड. तिचं नाव घेतलं की ती पडते, आणि नाव घेणाऱ्याच्याच वाट्याच्या बांधाला पडते, अशी गावाची पक्की समजूत होती. मागे एका म्हाताऱ्याने हा शब्द उच्चारला आणि नेमका त्याच वर्षी बांध फुटला. पोखरला होता तो चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, पण खापर फुटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर. मरेपर्यंत त्याच्या घरी कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. तेव्हापासून बांधातून पाणी आलं की लोक म्हणत, बांधाला घाम आलाय. चार थेंब झिरपले तरी घाम आणि धार लागली तरी घाम. शहाण्यासुरत्या माणसांचं गाव, पण या एका बाबतीत सगळ्यांनी अक्कल गहाण टाकली होती.

एका वर्षी भाताचा दाणा भरत आला होता. पुनवेचा दिवस होता, देवळात गावजेवण होतं, आणि दुपारी मोठं उधाण येणार होतं. हिराजी नावाचा शेतकरी जेवायला जाण्याआधी आपल्या वाट्याच्या बांधावर चक्कर मारायला गेला. बघतो तर चिंबोरीच्या बिळातून मनगटाएवढी धार शेतात पडत होती. त्याने चिखलाचे गोळे थापले. धारेने ते ढकलून दिले. भरती अजून चढायची होती, आणि हे एकट्याचं काम नव्हतं. खारं पाणी एकदा आत शिरलं की उभं पीक तर जातंच, पण पुढची काही वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवत नाही. हिराजी देवळाकडे धावत सुटला.

पंगत बसली होती. हिराजी गावच्या पाटलांपुढे उभा राहिला आणि धापा टाकत म्हणाला, “पाटीलबाबा, माझ्या बांधाला घाम आलाय.”

पाटील भात कालवत होते. पुनवेला सगळ्यांच्याच बांधाला घाम येतो, असं म्हणून त्यांनी त्याला शेजारी बसायला सांगितलं. हिराजीने पुन्हा सांगितलं की घाम जास्त आहे. पंगतीतल्या दोघांनी आपल्याकडेही जास्तच आहे असं सांगून आमटी मागितली.

हिराजी बसला. त्याच्या पानात भात पडला. त्याची बायको चांगुणा वाढत होती. तिने त्याच्या चिखलाने भरलेल्या कोपरांकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. हिराजीला तो म्हातारा आठवला, त्याचं ओस पडलेलं अंगण आठवलं. शब्द बोलावा तर जन्माचा डाग, न बोलावा तर सगळ्या गावाचं शेत खाडीत. त्याला मनातून फार भीती वाटत होती. तरी तो पानावरून उठला.

“घाम नाय तो,” हिराजी म्हणाला. “खांड पडतेय. माझ्या बांधाला खांड पडतेय.”

एका म्हातारीने कानांवर हात ठेवले. मग चांगुणाने भाताचं भांडं खाली ठेवलं आणि कोपऱ्यातलं घमेलं उचललं. ती निघाली तसे पाटीलही उष्ट्या हाताने उठले, आणि सगळी पंगत उठली.

ते पोचले तेव्हा भोक घागरीएवढं झालं होतं. कुणी पेंढ्याच्या मुठी आणल्या, कुणी चिखल कापून दिला, धडधाकट माणसं बांधाला पाठ लावून उभी राहिली. कितीतरी वेळ पाणी ऐकेना. मग हळूहळू खाडी उतरू लागली आणि धार बारीक होत होत थांबली. धारेखालचा हिराजीच्या शेताचा कोपरा तेवढा खारावला, बाकी आतलं भात तसंच हिरवंगार डुलत होतं. लोक मटकन बांधावर बसले. काही जण उगाचच हसायला लागले आणि चांगुणाला रडू आलं.

देवळातलं गार झालेलं जेवण बायकांनी तिथेच आणलं. चिखलाच्या हातांनी सगळे तुटून पडले. हिराजी जरा बाजूला बसला होता. आता आपल्याशी कोण बोलणार, अशी धाकधूक त्याला होती. पाटील आपलं पान घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“हिराजी, उद्या माझ्याकडे ये. उघाडीजवळ माझ्याही बांधाला खांड पडायला आलीय. दोन महिने झाले, मी घाम म्हणतोय.”

मग पलीकडून एकाने सांगितलं की वडाखालचा त्याचा तुकडाही बघायला हवा. मागोमाग दुसरा बोलला, तिसरा बोलला. सूर्य कलला तरी लोक आपापल्या खांडी सांगत होते, आणि प्रत्येकाच्या छातीवरचं ओझं उतरत होतं.

तात्पर्य: संकटाला सौम्य नाव दिल्याने ते सौम्य होत नाही, जो त्याला खऱ्या नावाने हाक मारतो, त्याच्यामुळेच सगळ्यांना मदतीला धावता येतं.