झाकणावरची पंगत

"या पेवात धोका आहे म्हणतेस? मग सिद्ध कर! झाकण उघडायचं नाही, मडक्याला हात लावायचा नाही. जमलं नाही, तर कुणी गाव सोडायचं नाही!" उग्रसिंह महाराज कडाडले.

समोर उभी होती मैना, निंबखळीत धान्य साठवायला जमिनीत पेवं खणणाऱ्या भिवाची मुलगी. तिची जीभ कुठली गप्प बसायला!

भानगड अशी होती. राजवाड्यात बिनतेलाचा दिवा आला होता. उजेड लख्ख, पण त्याची राख काही केल्या निवेना. त्या राखेत लोळलेलं मांजर अंधारात हिरवंगार चमकू लागलं. उंदरांना ते लांबूनच दिसे, त्यामुळे उंदीर मजेत खाऊन गलेलठ्ठ झाले. शेवटी प्रधान तिमाजीपंतांनी राख मडक्यांत भरली, निंबखळीच्या तळ्याकाठी पेव खणून त्यात पुरली, वर दगडी झाकण ठोकलं आणि दवंडी पिटली, "राख दह्याइतकी निरुपद्रवी आहे!"

"मग मांजर का चमकतं जी?" मैनेनं विचारलं होतं.

"तूप फार खातं म्हणून!" पंत म्हणाले होते.

हे ऐकून गावानं बोचकी बांधायला घेतली. राजाच्या शब्दावर भरवसा नाही म्हणजे काय! महाराज तडक गावात आले. पंतांचं कुटुंबही मेण्यातून मजा बघायला आलं.

"सिद्ध करते जी," मैना म्हणाली. "पर आधी आमच्या गावची रीत होऊ द्या. पेव ज्यानं बुजवलं, त्यानं झाकणावर पाट मांडून बायकापोरांसंगं पोटभर जेवायचं. मगच गाव त्यावर इस्वास ठेवतं. माझा बा दर साली जेवतो!"

"एवढंच? पंत, बसा जेवायला!" महाराज खूश झाले.

मैनेनं पाट मांडले, रांगोळी काढली, गरमागरम पुरणपोळ्या वाढल्या. पंतांना दरदरून घाम फुटला.

"महाराज, आज माझा उपास!"

"भगर केलीय जी!"

"कंबर धरलीय, खाली बसवत नाही!"

"मग उभ्यानं जेवा. भरवते मी!"

"सौभाग्यवती, मुलांना घेऊन तुम्ही तरी बसा," पंत केविलवाणे म्हणाले.

पंतीणबाई मेण्यातूनच कडाडल्या, "अहो, भान आहे का? त्या राखेचा वारासुद्धा लागू देऊ नका, असं रोज घरी तुम्हीच बजावता ना? भोई, उचला मेणा!"

मेणा धुरळा उडवत पसार झाला. मागोमाग कंबर धरलेले पंत हरणासारखे पळाले!

महाराज भुवया ताणून म्हणाले, "पण पोरी, मडक्यात काय आहे ते तू कुठं सिद्ध केलंस?"

"ते मला अजूनबी ठावं न्हाई, महाराज! पर ज्यास्नी ठावं हाय, त्यास्नी पुरणपोळीबी गोड लागंना!"

महाराज असे खदाखदा हसले की फेटा सुटून गळ्यात आला.

"उचला ती मडकी!" ते हसतहसतच ओरडले. "पंतांच्या अंगणात पुरा! ते ज्या झाकणावर सहकुटुंब जेवतील, तसलंच झाकण माझ्या राज्यात चालेल. आणि ते जेवले की नाही, ते बघायला मैना जाईल!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी मैनेच्या ओंजळीत ठेवलं, पाट उचलून लांब निंबाखाली नेला आणि म्हणाले, "वाढ आता. तूप जास्त!"