मुंगीच्या पायाचा ठसा

फार वर्षांमागे एका रानातल्या जनावरांनी रोजची भांडणं मिटवायला तळ्याकाठच्या ओल्या चिखलात तीन गोल काढले. मोठ्या गोलातली कामं, म्हणजे वणवा आणि शिकारी, हत्तीकडे. मधल्या गोलातले ओढे सांबरांकडे. छोट्या गोलात ज्याचं त्याचं घर. खाली सगळ्यांनी पाय उमटवले आणि चिखल वाळून दगडासारखा झाला.

पुढे दंतोबा हत्तीने फर्मान काढलं, की प्रत्येक वारुळाचं दार ओढ्याकडेच हवं, म्हणजे रान नीटनेटकं दिसेल. ठकू मुंगीने फर्मान ऐकलं आणि आभाळाकडे पाहिलं. पावसाळा आठवड्यावर होता. तसं दार केलं, तर ओढा भरताच सगळी अंडी वाहून गेली असती.

ती त्याच्या वाटेत उभी राहिली. "दंतोबादादा, दाराचं काम आमच्या गोलातलं आहे."

"तिथे तुझा ठसा तरी आहे का? मला तर माझाच दिसतो."

"उभ्याने कसा दिसेल? जरा वाका की."

दंतोबा कुरकुरत तळ्याशी गेला आणि त्याने गुडघे टेकले. त्याच्याच ठशाच्या आत बारीक टिंबांची एक रांग चालत गेली होती, आणि दोन्ही एकदमच वाळले होते.

त्याने सोंडेने त्या टिंबांवरची धूळ हळूच फुंकली. मग म्हणाला, "ठकू, दार तुझ्या मनासारखं ठेव."

"आणि वणवा लागला, तर हाक तुम्हालाच मारणार," ठकू म्हणाली.

त्या रानात अजून रीत आहे. फर्मान काढण्याआधी हत्ती गुडघे टेकून ते गोल वाचतो. तेवढ्यात मुंग्या त्याच्या सोंडेवर चढून सगळं रान बघून घेतात.